रौद्यातली आंबट पानं

कतारमध्ये कुरण आहे असं सांगितलं की नाशिकची माणसं हसतात. माझी नणंद दर वेळी म्हणते, "वहिनी, वाळवंटात राहता हे एकदा मान्य करा की." मी मान्य करते. वाळवंट आहेच. पण कुरणही आहे. ते वर्षाचे दोन-अडीच महिने असतं, आणि तेसुद्धा दर वर्षी नाही. दोहा मागे टाकून उत्तरेला निघालं की दोन्ही बाजूंना खडीसारखी पांढुरकी, सपाट जमीन लागते. त्या जमिनीत मधे मधे बशीसारखे खोलगट भाग आहेत. पाऊस पडला की आजूबाजूचं पाणी हळूहळू तिथे उतरतं आणि येताना चिमूट चिमूट बारीक माती घेऊन येतं. असं किती शतकं चाललं आहे कोण जाणे. त्या मातीत गवत उगवतं. इथले लोक अशा जागेला रौदा म्हणतात. बागेलाही अरबीत हाच शब्द आहे.

यंदा पाऊस वेळेवर झाला. शाळेला एक दिवस सुट्टी मिळाली, आमच्या अल गराफाच्या गल्लीत पाणी साचलं, टँकरने ते उपसून नेलं. नंतर चार-सहा दिवसांनी फोनवर उम्म सालेमचा निरोप आला. त्या लिहीत नाहीत, बोलून पाठवतात. "घास आ गया. तुम कब आएगा?" उम्म सालेम म्हणजे सालेमची आई. त्यांचं स्वतःचं नाव मला अजून माहीत नाही. इतक्या वर्षांत ते विचारायची वेळ आली नाही, आणि आता विचारणं बरं दिसणार नाही.

निरोप ऐकला आणि पुस्तकं लावता लावता मी थांबले. मी शाळेच्या वाचनालयात काम करते, थांबायला तिथे हरकत नसते.

आम्ही पहिल्यांदा रौद्यात गेलो तो हिवाळा फुटबॉलच्या वर्ल्डकपच्या तीन-चार वर्षं आधीचा. गावभर खोदकाम होतं. कुठलाही रस्ता दोन शुक्रवार एका जागी राहत नसे. मागच्या आठवड्यात डावीकडे वळलो होतो तिथे या आठवड्यात केशरी ड्रम उभे असत आणि लाल-पांढरे अडथळे भलतीकडेच नेत. लोक पत्ता सांगताना "क्रेनच्या अलीकडे" म्हणत, आणि ऐकणारा विचारी, "कुठल्या क्रेनच्या?" स्टेडियमं अर्धवट होती, दुरून उलट्या टोपल्यांसारखी दिसत. माझा नवरा अविनाश एका कंत्राटदाराकडे ड्रेनेज इंजिनिअर होता. रस्त्यावर आणि भुयारी मार्गात साचणारं पावसाचं पाणी बाहेर कसं काढायचं, हे त्याचं काम. इथे पाऊस पडतो तो वर्षातले मोजके दिवस, पण पडला की सगळे ड्रेनेजवाल्यांकडे बघतात.

त्या वर्षी चांगला पाऊस पडला तेव्हा अविनाश मात्र साइटवर नव्हता. त्याची केमो सुरू झाली होती. साहेबाने समजूतदारपणे त्याला टेबलावरचं काम दिलं होतं.

आजाराबद्दल फार लिहायचं नाही. एकच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. त्याची चव गेली. नुसती गेली असती तर सोसलं असतं. तिच्या जागी दुसरीच चव आली. वरणभात जिभेवर ठेवला की किल्ली चोखल्यासारखं वाटतं, असं तो म्हणे. अविनाश खाण्यावर प्रेम असलेला माणूस. आम्ही नाशिकला एकाच कॉलेजात होतो, आणि त्याने माझ्याशी पहिलं लांब बोलणं केलं ते कुठल्या कवितेवर नव्हे, शेवेच्या भाजीवर. आता तो ताटापुढे बसे, पोळीचा तुकडा मोडी आणि मोडून ठेवी. डॉक्टर दर वेळी वजन बघून म्हणत, "ही मस्ट ईट." पुढची फेरी द्यायची तर अंगात काही असायला हवं, एवढा साधा हिशेब होता. मी सकाळ-संध्याकाळ काहीतरी करून बघे. थालीपीठ, सांज्याची पोळी, टोमॅटोचं सार. आमची मुक्ता तेव्हा बारावीत होती. ती जेवताना बाबाकडे बघत नसे, मुद्दाम मोबाइलमध्ये बघे.

मोकळ्या हवेत भूक लागते असं कोणीतरी म्हणालं. दोन फेऱ्यांच्या मधल्या बऱ्या दिवसांत, शुक्रवारी, आम्ही उत्तरेला गेलो.

रौद्यात गाडी न्यायची नाही, गवतावर चाक घालायला इथे मनाई आहे. रस्त्याच्या कडेला गाडी लावून आम्ही चालत उतरलो. उतार इतका कमी होता की पायांना कळण्याआधी डोळ्यांना कळला. आधी खडी, मग खडीत एकेक काडी, मग पोटरीइतकं गवत. त्यात बारकी पिवळी फुलं. चंडोल पक्षी पायाशी येईपर्यंत दिसत नसत, कारण त्यांचा रंग जमिनीचाच. मधे दोन-चार जुनी काटेरी झाडं होती. जवळ जाऊन पान हातात घेतलं तर ओळखीचं निघालं. बोर! मला खूप आनंद झाला आणि लगेच थोडा संकोचही वाटला, जणू परक्या गावात कोणी एकेरी नावाने हाक मारली. अविनाश मात्र खाली बघत होता. गवताच्या कडेने जाड, मऊसर पानांचे तळहाताएवढे झुबके उगवले होते.

"अगं, हा आंबटचुका आहे," तो म्हणाला.

"काहीतरीच."

"पान बघ. देठ बघ." त्याने नखाने देठ मोडून हुंगला. "चुकाच आहे. पैज लाव."

"बाबा, इट्स लिटरली ग्रास," मुक्ता म्हणाली.

तो वाकला आणि चुका उपटायला लागला. मीही लागले. भाजीबाजारात चुक्याची जुडी येते ती मुळांसकट, मातीसकट. तशीच आम्हाला माहीत. मुळं जुळवून एकीकडे, पानं दुसरीकडे, अशा आम्ही जुड्या लावत होतो. मुक्ता पहाऱ्याला उभी राहून म्हणत होती, "टेक्निकली धिस इज स्टीलिंग." तेवढ्यात बोराच्या झाडाखालून एक काळा अबाया घातलेली, ठेंगणी, साठीची बाई हात हलवत आमच्याकडे आली. ती पळत नव्हती, पण चालण्यात पळणं होतं.

"अरे! अरे! ये क्या करता? जड क्यों निकालता?"

आम्ही दोघं शाळेतल्या मुलांसारखे उभे. अविनाशच्या दोन्ही हातांत जुड्या.

"सॉरी, सॉरी," तो म्हणाला. "हमारे इंडिया में ऐसे ही..."

"इंडिया में पानी बहुत. इधर जड निकालेगा तो अगला साल क्या खाएगा? पत्थर?" मग तिने जुडी हातात घेतली, नीट लावलेली मुळं पाहिली आणि तिला हसू आवरेना. मागे वळून मुलाला अरबीत काहीतरी ओरडून सांगितलं. सालेम, तिशीचा, झाडाखाली चटईवर बसून कॉफी ओतत होता, तो इंग्रजीत म्हणाला, "माय मदर सेज, यू मेड अ बुके."

आम्हाला चटईवर बसवलं. त्यांचं शेत जवळच होतं, शुक्रवारी दुपारनंतर सगळं कुटुंब रौद्यात येऊन बसे. उम्म सालेमचं हिंदी घरात काम करणाऱ्या बायांकडून आणि टीव्हीवरच्या मालिकांतून आलेलं. त्यात लिंग नव्हतं, काळ एकच होता, आणि तरी काही अडत नसे. आमच्या चुक्याला त्या हुमेद म्हणत. पानं खुडायची, झाडाला निम्मी ठेवायची, पाण्याने धुवायची आणि मीठ लावून तशीच खायची.

"तुम क्या करेगा इसका?"

मी सांगितलं. चुका चिरायचा, हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे घालून शिजवायचा, डाळीचं पीठ लावून घोटायचा, थोडा गूळ, वरून लसणाची फोडणी.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "इतना मारता क्यों उसको?"

घरी येऊन मी भाजी केली. चुका तीनदा धुतला, भरपूर शिजवला. हॉस्पिटलमधल्या आहार सांगणाऱ्या मल्याळी मुलीने बजावलं होतं, कच्चं काही नाही, पानं तर नाहीच. अविनाशने भात कालवला. पहिला घास घेऊन तो थांबला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, मुक्ताही मोबाइल खाली ठेवून बघत होती.

"काहीतरी आहे," तो म्हणाला. "लांबून येतंय. पण आहे."

त्या दिवशी त्याने भात मागून घेतला.

तेव्हापासून शुक्रवार ठरला. चांगलं वाटत असेल तर जायचंच. मी पहिल्या खेपेला वानगी म्हणून उम्म सालेमना स्टीलच्या डब्यातून चुक्याची भाजी नेली. पुढच्या शुक्रवारी डबा परत आला तो भरून. आत बलालीत, म्हणजे केशर-वेलची घातलेल्या गोड शेवया, आणि त्यावर पसरलेलं चक्क ऑम्लेट. आम्ही तिघंही बराच वेळ त्याकडे बघत राहिलो. रिकामा डबा परत करायचा नाही हे मला आईने शिकवलेलं. तसंच त्यांनाही कोणीतरी शिकवलेलं होतं, हे कळायला मला दोन-तीन खेपा लागल्या. मग दोघींपैकी कोणालाच थांबता येईना. तिळगूळ गेला, कागदासारख्या पातळ रोट्या आल्या. गुळाच्या पोळ्या गेल्या, खजुराचा शिरा आला. सालेम म्हणे, "धिस बॉक्स हॅज मोअर वीकेंड्स दॅन मी."

मी मांस खात नाही हे कळल्यावर उम्म सालेमनी माझ्याकडे दया आल्यासारखं पाहिलं होतं. मुक्ताला त्यांनी हरीस खाऊ घातला, मांस आणि गहू एकजीव होईपर्यंत घोटलेला. मुक्ता म्हणाली, "आई, इट्स लाइक नॉनव्हेज खिचडी," आणि पुन्हा वाढून घेतला. एकदा सालेमने फगा आणला. पावसाळी वर्षात जमिनीखाली बटाट्यासारखं अळंबं धरतं, ते शोधायला इथले लोक मैल न् मैल जमिनीकडे बघत चालतात. वरच्या मातीला बारीक तडा गेलेला दिसला की काडीने हळूच उकरायचं आणि खड्डा पुन्हा बुजवायचा. अविनाशला हे फार आवडलं. "आमच्याकडे खड्डा बुजवायला वेगळं टेंडर निघतं," तो म्हणाला.

त्याला तिथे बसायला आवडायचं. सालेमने त्याच्यासाठी घडीची खुर्ची गाडीत ठेवून दिली होती. उंट चरताना दिसायचे, मान खाली, पुढचा पाय किंचित बाहेर टाकून, घाई कशाचीच नाही. दुपार कलली की वाऱ्याला धार येई आणि गवत एका बाजूला झुके, तेव्हा त्याचा रंग फिकट व्हायचा. वारा थांबला की पुन्हा हिरवा. रौद्याच्या मधोमध अजून थोडं पाणी उरलेलं असायचं, चहाच्या रंगाचं. अविनाश त्याकडे बघत राही.

"आयुष्यभर पाणी काढून लावायचं काम केलं," तो एकदा म्हणाला, "आणि आता साचलेलं पाणी बघायला पेट्रोल जाळून येतो."

बोराच्या झाडाखाली उम्म सालेम पानं खुडून पिशवीत भरत. वाळवून, कुटून त्याने केस धुतात, त्यांनी सांगितलं. मग जरा थांबून म्हणाल्या, माणूस गेला की त्याची शेवटची आंघोळही याच पानांच्या पाण्याने. हे त्या कुठल्याही सूचकपणाने बोलल्या नाहीत, मीठ कुठे ठेवतात ते सांगावं तसं बोलल्या. मी चपापून अविनाशकडे पाहिलं. तो म्हणाला, "आपल्याकडे तुळस, यांच्याकडे बोर. चांगलं आहे की." आणि बोरं कधी पिकतात ते विचारू लागला. मला त्या क्षणी आठवली बोरन्हाणातली बोरं. मुक्ताच्या डोक्यावर ओतली होती तेव्हा ती भोकाड पसरून रडली होती. एकाच झाडाकडे एक समाज मूल घेऊन जातो आणि दुसरा मयत. यातून काही मोठा विचार काढावा असं तेव्हा वाटलं नाही, आताही वाटत नाही. झाड बोराचं होतं, एवढंच.

जानेवारीच्या शेवटचा एक शुक्रवार. मी गाडीपाशी थर्मासमधून चहा ओतत होते. मुक्ता धावत आली. "आई, बाबा इज ईटिंग इट रॉ."

मी वळून पाहिलं. उम्म सालेम त्याच्या खुर्चीशेजारी खाली बसल्या होत्या. त्यांच्या तळहातावर बाटलीच्या पाण्याने धुतलेली पानं होती, वर खडेमीठ. अविनाश एक पान चावत होता. मी जवळ पोचेपर्यंत त्याने दुसरं घेतलं. माझ्या ओठांवर त्या मल्याळी मुलीची सगळी वाक्यं होती. जंतू, माती, पांढऱ्या पेशी. त्याने डोळे मिटले होते.

"अगं, लागतंय," तो म्हणाला.

"काय लागतंय?"

"आंबट. खरं आंबट. दातांपर्यंत." त्याचं तोंड वाकडं झालं होतं, कैरी खाल्लेल्या मुलासारखं. "आणि मीठ. मीठ पण लागतंय!"

उम्म सालेम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "देखो. तुम मारता है, इसलिए नहीं लगता."

मी चहाचे कप हातात धरून उभी राहिले. मला ओरडायचं होतं आणि मी ओरडले नाही. पुढचे दोन-तीन दिवस थर्मामीटर उशाशी ठेवला. ताप आला नाही. उलट त्या आठवड्यात तो जेवला. चुक्याची पानं मीठ लावून आधी, मग त्याच तोंडाने पिठलं, भाकरी, एकदा तर दोन वाट्या मसालेभात. वजनकाट्यावर उभा राहून त्याने डॉक्टरकडे असं पाहिलं, जणू परीक्षेचा निकाल लागला होता. फेरी दिली गेली. मी पुढच्या शुक्रवारी डब्यात जास्त गुळाच्या पोळ्या भरल्या.

वसंत इथे येतो तो जायलाच. मार्चमध्ये ऊन वाढलं. रौद्यातलं पाणी आटून मातीला पापुद्रे सुटले, गवत आधी कडेने आणि मग आतून पिवळं पडलं. चुका बियांवर आला. त्याची बी लालसर, कागदी पडद्यात असते, त्यामुळे जमिनीवर गुलाबी झाक आली होती. इतकी सुंदर की मुक्ताने मनापासून फोटो काढले. पानं मात्र जून आणि कडू झाली होती. उम्म सालेम म्हणाल्या, "खलास. अब बीज गिरेगा, सो जाएगा." अविनाशचं खाणंही त्याच सुमारास कमी होत गेलं. याचा त्याच्याशी संबंध नव्हता. रिपोर्ट वाईट आले होते.

मुक्ताची परीक्षा झाली तशी आम्ही नाशिकला गेलो. तिथे चुका बारा महिने मिळतो. सासूबाई रोज ताजी जुडी आणवत, मुळं कापून, निवडून, भाजी करत. सगळे त्याच्याभोवती बसून म्हणत, "दोनच घास खा रे." मीही म्हणे. तो सगळ्यांकडे आळीपाळीने बघे. एके दुपारी सगळे उठून गेल्यावर तो मला म्हणाला, "त्यांना सांग, मी जेवलो." मी बाहेर जाऊन सांगितलं. सासूबाईंनी देवापुढे निरांजन लावलं. वैशाखात तो गेला.

ऑगस्टअखेर शाळा उघडताना मी परत आले. मुक्ता पुण्याला शिकायला राहिली. लोकांनी विचारलं, कशाला जातेस? नोकरी आहे, एवढंच मी सांगे, आणि ते खरंही होतं. वाचनालयात मला बरं वाटायचं. घरी आल्यावर चहा आणि पाव खाऊन मी वाचत बसे. स्वयंपाक एका माणसाचा होतो, करता येतो, हे मला माहीत होतं. गॅस फक्त चहाला पेटत असे. अंगावरचे कपडे सैल झाले. उन्हाळा ओसरला. पाऊस त्या वर्षी आला नाही, म्हणून शुक्रवारांचा प्रश्नही आला नाही. उम्म सालेमचे फोन मी घेतले नाहीत. काय सांगायचं ते हिंदीत मला जमलं नसतं. बाबा गेल्याचं मुक्तानेच सालेमला कळवलं होतं, घराचा पत्ताही तिनेच दिला असावा.

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी दुपारी दाराची बेल वाजली. दारात सालेम दोन्ही हातांनी मोठं पातेलं धरून उभा, आणि त्याच्या पुढे उम्म सालेम. सालेमने पातेलं आत ठेवलं, माझ्याकडे न बघता अरबीत एक दुवा म्हटली आणि खाली गाडीत जाऊन बसला. उम्म सालेमनी मला जवळ घेतलं, बराच वेळ सोडलं नाही. मग त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या. फ्रिज उघडला. दूध, पाव, लिंबाच्या लोणच्याची बरणी. त्यांनी फ्रिज बंद केला, ओटा हाताने पुसून पाहिला. कोरडा होता.

"चूल्हा नहीं जलता?"

"जलता है. चाय के लिए."

त्यांनी हॉलमध्ये जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर पातेलं ठेवलं. मचबूस होता, मसाल्याचा भात. मटणाशिवाय, काबुली चणे घातलेला. माझ्यासाठी वेगळा केलेला. त्यांना असा भात करताना काय वाटलं असेल, याची मला कल्पना आहे. त्या खाली बसल्या, मला ओढून समोर बसवलं.

"खाओ."

"भूख नहीं है."

"भूख कौन पूछा?" त्यांनी भात कालवला, हाताने घास केला आणि माझ्या तोंडापाशी धरला. "मुँह खोलो."

मला लहानपणानंतर कोणी भरवलेलं नव्हतं. घास मोठा होता. गरम होता. वेलदोडा, मिरी, सुक्या लिंबाचा धुरकट वास. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी चावत राहिले, गिळला. त्यांनी दुसरा दिला. तोही गिळला.

"कैसा है?"

खोटं बोलायची शक्ती नव्हती. "नमक थोडा ज़्यादा है," मी म्हटलं.

त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"अच्छा," त्या म्हणाल्या, "जबान काम करता है," आणि पुढचा घास कालवायला घेतला.